रिकाम्या गावातली दवंडी

सरकारी माणूस गोड बोलायला लागला की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते. लोक म्हणतात, बाई, तुम्ही फार तुसड्या आहात. असेन. मनोरीच्या बाजूला, खाडीच्या काठी आमचं लहानसं कोळ्यांचं गाव. सत्तर सालाच्या आसपास एका गोडबोल्या तलाठ्याने त्या गावाच्या तोंडाला कशी पानं पुसली ते मी स्वतः पाहिलंय. त्याच्या आधी मी बरी होते, असं माझी आईच सांगायची.

आधी आईचं सांगते. बाप मी लहान असतानाच गेला. आमच्या घरात होडी नव्हती, की जाळं नव्हतं. ज्यांच्या घरी होड्या, त्यांच्या बायकांचा थाट वेगळा. त्या पापलेट-सुरमई बाजारात न्यायच्या, बोंबील सुकवायच्या. आईसारख्या बिनहोडीच्या बायकांच्या वाट्याला यायचा जवळा. ती नखाएवढी बारीक कोळंबी. होडी लागली की टोपलीने स्वस्तात घ्यायची, जमिनीवर पातळ पसरायची, उन्हात बसून खराट्याने खालवर करत राहायची, कावळ्यांना शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी गोळा करायची. या जवळ्यावर आईने मला मॅट्रिक केलं. होय, मॅट्रिक! गावातली पहिली पोरगी. पुढे मी मालाडच्या बाजूला एका शाळेत मास्तरीण झाले, रोज तरीने खाडी ओलांडून मार्व्याला उतरून जायची. तरी आईने जवळा सोडला नाही. म्हणायची, "तुजा पगार तुजा. माजा जवला माजा."

जवळा सुकवायला गावाच्या टोकाला एक मोठं मैदान होतं, त्याला आम्ही खळं म्हणायचो. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की सगळ्या बायका मिळून ते खळं साफ करायच्या, चोपणीने ठोकायच्या आणि शेणाने सारवायच्या. एका बाजूला बोंबलांच्या वलांड्या, म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेले दोर. बाकीची सगळी जमीन जवळ्याला. प्रत्येकीची जागा ठरलेली. आईची जागा तिच्या सासूची, तिच्या आधी तिच्या सासूची. कुणाकडे कागद नव्हता. कुणाला लागलाही नव्हता. खळं कुणाचं म्हणून विचारलं असतं तर शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं.

आता तलाठी. गोल गरगरीत चेहरा, पायात करकरणाऱ्या वहाणा, तोंडात सारखं "मावशी", "ताई", "आपलं माणूस". आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो. फाल्गुनात एकदा तो गावात आला, पाटलाच्या ओट्यावर बसून चहा प्याला, तळलेले बोंबील खाल्ले आणि हात पुसत म्हणाला, "मग पाटील, यंदा एकवीरेला कधी निघायचं?"

चैत्रात एकवीरा आईची पालखी असते. तेव्हा आमच्या गावात कुणी म्हणजे कुणी राहत नाही. पोरंटोरं, बाळंतिणी, कोंबड्या-बोकड, सगळे कार्ल्याला. पाटलाला तर कोण आनंद झाला, की सरकारी माणूस आमच्या देवीची चौकशी करतोय! त्याने कधी निघणार, कधी परतणार, सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, "भाऊसाब, तुमी बी चला."

भाऊसाहेबांनी हात जोडले. "कामं फार आहेत हो. माझ्या नावाने एक नारळ तेवढा फोडा."

आणि आम्ही फोडला! डोंगरावर, गर्दीत धक्के खात, पाटलाने त्या माणसाचं नाव घेऊन नारळ फोडला. परत आल्यावर त्याला प्रसाद नेऊन दिला. त्याने टोपी काढून, डोळे मिटून तो खाल्ला. एवढा निर्लज्जपणा सरकारी नोकरीत वरून शिकवतात की माणूस घरून घेऊन येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

वैशाखात एका बंगल्याचा माळी आईकडे सुका जवळा घ्यायला आला. गावाबाहेर किनाऱ्याला शहरातल्या पैसेवाल्यांचे सुट्टीचे बंगले होते, त्यातल्या एका बंगल्याची राखण तो करायचा. मालवणकडचा माणूस, सरळ. जवळा मापून घेता घेता म्हणाला, "म्हातारे, औंदाचो शेवटचोच काय गो ह्यो जवळो?"

आई म्हणाली, "कनाला? मी काय मरतंय का?"

"मरूक कशाक? खळा सरकार घेता ना? तुमका म्हायत नाय?"

मी तिथेच होते. त्याला बसवलं आणि सगळं काढून घेतलं. आम्ही एकवीरेला गेलो त्या दिवशी भाऊसाहेब एका परक्या गावचा कोतवाल घेऊन आले होते. कोतवालाने गावातल्या गल्ल्यांतून डफ वाजवत दवंडी पिटली. ऐकायला कोण? कार्ल्याला नेता न आलेला, अंथरुणाला खिळलेला एक ठार बहिरा म्हातारा आणि कुत्री. मग भाऊसाहेबांनी बंगल्याच्या फाटकाला सरकारी कागद डकवला. खळं सरकार घेणार, एवढं माळ्याला कोतवालाच्या तोंडून कळलं.

"फाटकाला का?" मी विचारलं.

"दर्शनी जागा व्हयी म्हणी. आणि कागद मीच काढलंय. नवो रंग दिलेलो फाटकाक. मालकान माका कच्चो खाल्ल्यान असतो."

कागदावर काय होतं? त्याला वाचता येत नव्हतं. कागद कुठाय? समुद्रात.

आईचा चेहरा मला आठवतो. ती रडली-बिडली नाही. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती तिने मला नीट समजावून सांगितली. पावसानंतर खळं सारवायचं की नाही? कारण जवळ्याचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. खळं जाणार असेल तर तिला आत्ताच दुसरी जागा बघायला हवी, दुसऱ्या गावातल्या बायकांच्या हातापाया पडायला हवं. नसेल जाणार, तर शेण जमवायला हवं. "तू जा," म्हणाली, "आन् इचारून ये. तुला इंग्रजी येतंय."

मी गेले. उपनगरातल्या एका सरकारी कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. दारात 'चौकशी' अशी पाटी, पाटीखाली टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत कोणी नाही. शेवटी मला अव्वल कारकुनाकडे धाडलं. पान खाऊन गाल फुगलेला, कपाळावर गंध, समोर फायलींचा ढीग. मी म्हटलं, आमच्या गावच्या जमिनीची नोटीस निघालीय, त्यात काय लिहिलंय ते बघायचंय.

"नोटीस प्रसिद्ध झालीय," तो म्हणाला. "तिकडेच वाचा."

"तिकडे कुठे?"

"गावात. दर्शनी भागी."

"तिथे आता नाहीये."

"मग गावकऱ्यांनी फाडली असणार. सरकारी कागद फाडणं गुन्हा आहे, बाई. माहीत आहे ना?"

बघा! आले होते विचारायला, झाले गुन्हेगार. मी राग गिळला आणि म्हटलं, मग तुमच्या फायलीतली प्रत दाखवा.

"फाईल गोपनीय असते."

"अहो, पण नोटीस तर प्रसिद्ध केली ना? प्रसिद्ध केलेली गोष्ट गोपनीय कशी?"

तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, ज्या नजरेने मी वर्गात ढ पोराकडे बघते. मग पान गालात सरकवून समजावलं, "प्रसिद्ध होती तेव्हा होती. मुदत संपली. मग ती फायलीला लागली. फायलीला लागली की गोपनीय."

शप्पथ सांगते, हा माणूस थट्टा करत नव्हता. त्याला हे खरोखर पटलेलं होतं. अशी माणसं मी पुढे खूप पाहिली. अक्कल सकाळी हजेरीपटाजवळ ठेवतात आणि घरी जाताना उचलून नेतात. घरी गेल्यावर तरी वापरत असतील का, देव जाणे.

"निदान एवढं सांगा," मी म्हटलं, "जमीन कशासाठी घेताय?"

"सार्वजनिक प्रयोजनासाठी."

"कुठल्या?"

"ते सांगता येत नाही."

सार्वजनिक प्रयोजन! आणि ते सार्वजनिकाला सांगायचं नाही. मी मे महिन्याच्या सुट्टीत आणि मग शाळेला दांड्या मारून पुन्हा पुन्हा गेले. नक्कल मागितली तर म्हणाले अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले फाईल नंबर घाला. नंबर विचारला तर म्हणाले तो फायलीवर असतो. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा साहेब रजेवर, एकदा साहेब आहेत पण मूड नाही. बाकावर माझ्याबरोबर कुणी घाटकोपरचा, कुणी मुलुंडचा, अशी माणसं बसलेली असायची. एक पँटवाला गृहस्थ मला म्हणाला, "ताई, तुम्ही फार तावातावाने बोलता. गोड बोलावं, कामं होतात." तो माझ्या आधीपासून त्या बाकावर बसलेला होता.

तोवर मृग लागला, पाऊस आला, आणि आई रोज तेच विचारायची, "कललं काय?" मी रोज 'नाही' सांगायची. शिकवून सवरून पोरगी कचेरीत पाठवली आणि ती हात हलवत परत येते. तिने कधी बोलून दाखवलं नाही. मलाच लाज वाटायची, आणि ती लाज त्या पानखाऊला वाटायला हवी होती, म्हणून राग यायचा.

शेवटी आईच म्हणाली, "मना ने, मी येतंय." पाटील आला, आणि चार बायका आल्या. भर पावसात मार्व्याची तरीची फेरी बंद, म्हणून भाईंदरवरून लांबचा फेरा घालून गेलो. कोळणी ओल्या लुगड्यांनी कचेरीत शिरल्या तसे सगळे कारकून नाकाला रुमाल लावून उभे राहिले. त्या दिवशी साहेब होते, आणि त्यांचा मूडही होता. बहुतेक आम्ही लवकर बाहेर जावं म्हणून त्यांनी आम्हाला लगेच आत बोलावलं.

साहेब म्हणजे अगदी मऊ माणूस. तरुण, गोरा, चष्मा. शिपायाला खुर्च्या आणायला सांगितल्या, त्या काही आल्या नाहीत. म्हणाले, "हे बघा, सगळं कायद्याप्रमाणे झालंय. तुमच्या गावाने संमतीच दिलीय." आणि ज्या गोपनीय फायलीसाठी मी चपला झिजवल्या, ती त्यांनी आपणहून उघडली आणि पंचनामा वाचून दाखवला. गावात दवंडी पिटली असता कोणीही हरकत घेतली नाही. नोटीस गावातील दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष दर्शनी भागी डकवली. खाली रहिवाशांच्या सह्या.

नावं ऐकली आणि पाटील माझ्याकडे बघायला लागला. अशा आडनावाचा माणूस आमच्या गावात जन्माला आलेला नव्हता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माळ्याचा मालक आणि त्याचा पाहुणा! शनिवार-रविवारचे रहिवासी. मालकाचं नाव येईल म्हणून माळ्याने आधी गाळलेलं नंतर सांगितलं. दोघं समुद्रावरून डुंबून आलेले, चड्डीवर, खांद्यावर टॉवेल, अंगाला वाळू. भाऊसाहेब म्हणाले, साहेब, जरा दोन सह्या, काही नाही, फॉर्मॅलिटी. त्यांनी पायरीवर कागद ठेवून सह्या ठोकल्या आणि वर भाऊसाहेबांना काहीतरी थंड पाजलं. थंड काय ते विचारू नका, दारूबंदी होती. एक डॉक्टर आणि एक वकील! काय सही करतोय ते वाचावं, असं त्या वकिलालासुद्धा वाटलं नाही. आमच्या आज्यापणज्यांची जमीन त्यांनी ओल्या हातांनी देऊन टाकली, आणि आत जेवायला गेले असतील. माणसं वाईट नसतील. पण मला त्यांचं चांगलं म्हणवत नाही.

मी साहेबांना सांगितलं, त्या दिवशी गाव एकवीरेला गेलं होतं. साहेब म्हणाले, "असेल. पण कागदावर तसं कुठे आहे? कागदावर दवंडी पिटलीय, आणि कोणी काही बोललेलं नाही."

आई पुढे सरकली. लुगड्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ती म्हणाली, "सायबा, गावान कुत्री व्हती. डफ वाजला म्हंजे ती भुकली असतील. त्यांची हरकत लिवली नाय?"

एक शिपाई फिसकन हसला. साहेबांचे कान लाल झाले. पण हसू कशालाच पुरत नाही. फाईल मिटली, मुदत संपली होती, आणि आम्ही बाहेर. तरी निघता निघता आईने दारात थांबून विचारलंच, "यंदा सारवू का नको, तेवडं सांग." साहेबांनी खरंच विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "आजी, वरून आदेश येईल तसं कळवू."

कळवलं कुणी नाही. नारळी पौर्णिमा झाली. आई म्हणाली, कुणी काय बोललं नाय म्हंजे आपलं हाय. असं समजणारी ती एकटीच नव्हती, सगळ्याच बायका तशा. खळं साफ केलं, चोपलं. आईने आपली जागा शेणाने अशी सारवली की पाय ठेवायला जीव होईना. ती सुकायच्या आत ट्रकमधून सिमेंटचे खांब आले आणि तार आली. ठेकेदाराची माणसं बुटांनी आईच्या सारवणावरून चालत गेली. आई म्हणाली, "अरे मेल्यांनो, वल्ला हाय!" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. पंधरवड्यात चारी बाजूंनी कुंपण झालं, फाटक झालं, फाटकाला कुलूप झालं, आणि एक पाटी लागली, 'सरकारी जागा. आत येऊ नये.' आत काय करणार होते? काही नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. आत गुडघाभर गवत वाढलं आणि साप झाले. ज्या सार्वजनिक प्रयोजनासाठी हे सगळं केलं ते कधी जन्मालाच आलं नाही.

कोळणी मात्र गप्प बसणाऱ्या नव्हेत. पहिल्या होड्या आल्या, टोपल्याच्या टोपल्या बोंबील आला, आणि वलांड्या तर आत अडकलेल्या. मग होडीवाल्या बायकांनी काय केलं, तर बोंबील जोडीजोडीने एकमेकांच्या तोंडात अडकवले आणि सरकारच्या तारेवर टांगले. चार पदरी नवी कोरी तार, मजबूत खांब, बेताची उंची! सकाळी बघते तर कुंपणभर बोंबील लोंबतायत आणि खाली मांजरी बसल्यायत. झकास!

भाऊसाहेब धावत आले. "हे काय चाललंय? कुणाला विचारून लावलं? सरकारी कुंपण आहे हे!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढे आली ती आई. तिचा स्वतःचा एक बोंबील त्या तारेवर नव्हता. ती म्हणाली, "जागा सरकारची, आत जाव नको, तसं पाटीवर हाय. आमी गेलो नाय. तारंला हात लाव नको, तो कागद कंचा? दाखव."

"तसा नियम आहे, मावशी."

"हाय तर दाखव ना. माजी पोर वाचल."

"कागद ऑफिसात आहे."

"मग आन."

"तो बाहेर आणता येत नाही. तो..."

"गोपनीय हाय," मी म्हटलं.

काय हसल्या बायका! एकीने तर जमिनीवर बसकण मारली. भाऊसाहेबांनी करकरणाऱ्या वहाणा वळवल्या. ते गेले, आणि कागद काही आला नाही. म्हणजे नसणारच. किंवा असेल आणि फायलीला लागला असेल. पुढे कित्येक वर्षं आमच्या गावचे बोंबील सरकारी तारेवर सुकले. पाटलाने ती गोष्ट चारचौघांत इतक्या वेळा सांगितली, की सरकारला आम्ही कसं नमवलं म्हणून आजूबाजूच्या गावांत आमचं नाव झालं. त्या संध्याकाळी होडीवाल्या बायकांनी आईला मिठ्या मारल्या. एकीने तिच्या पदरात मोठाले बोंबील टाकले. म्हणाली, "बाय, तू व्हतीस म्हनून."

आईने ते घरी आणून तळले, मला वाढले. स्वतः जेवली नाही. मी म्हटलं, "आई, जिंकलो की गं आपण!"

"व्हय," ती म्हणाली. तिने कोपऱ्यातला जवळ्याचा खराटा उचलला आणि चुलीत घातला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच बाईच्या अंगणात रोजावर कोळंबी सोलायला जाऊ लागली. जवळा तारेवर टांगता येत नाही.